भट्टीवरची नजर

दर्शन एका बाजूचं नसतं. आपण देवाला पाहायला जातो आणि देवाचीही नजर आपल्यावर पडावी म्हणून रांगेत ताटकळतो. प्राणप्रतिष्ठेत मूर्तीचे डोळे उघडायचा वेगळा विधी असतो, तो यासाठीच. खर्डीत माझा फोटोंचा धंदा आहे. बालहक्कांवर काम करणारे लोक मला वीटभट्टीवर नेतात, तेव्हा हाच प्रश्न मला छळतो: ज्या पोराच्या भल्यासाठी मी फोटो काढतोय, ते माझ्याकडे बघतंय का, की मीच त्याला दगड करून टाकतोय?

शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवरची कातकरी, ठाकूर कुटुंबं दिवाळी सरली की उचल घेऊन वीटभट्टीवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. बाप गारा तुडवतो, आई साच्यातून विटा पाडते, पोरं कच्च्या विटा वाळायला उलटतात आणि धाकटं सांभाळतात. शाळेच्या पटावर नाव राहतं, पोर राहत नाही. वेठबिगारीवर १९७६ च्या कायद्याने बंदी आहे, सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना १ एप्रिल २०१० पासून शिक्षणाचा हक्क आहे. विधायक संसद या संस्थेने भट्ट्यांवर भोंगाशाळा चालवल्या, त्या हे सगळं डोळ्यांनी पाहूनच. तेव्हा फोटो निघालेच पाहिजेत. प्रश्न आहे तो कसे, हा.

आठ-नऊ वर्षांची एक मुलगी मला म्हणाली, “थांब.” कडेवरचा भाऊ खाली ठेवला, पिंपातल्या पाण्याने तोंड धुतलं, ओल्या हाताने केस चापून बसवले आणि विटांच्या ओळींपुढे ताठ उभी राहिली. सोबतच्या गृहस्थांना मघाचा मळलेला चेहराच हवा होता. धुतलेल्या तोंडाने कुणाला कणव येणार, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटत नाही. विटा मागे दिसतच होत्या, हातांच्या भेगाही. आपण जगाला कसं दिसावं हे तिने ठरवलं, आणि तेवढं एकच त्या भट्टीवर तिच्या हातात होतं. भारताने ११ डिसेंबर १९९२ रोजी स्वीकारलेल्या बालहक्क कराराचं १२वं कलम मुलाचं मत ऐकायला सांगतं. बापाची परवानगी घेतली की झालं, असं म्हणतात. पण उचल घेतलेला बाप मालकाच्या देखत नाही कसं म्हणेल?

फोटोग्राफर लुईस हाइन १९०८ पासून अमेरिकेतल्या गिरण्या-खाणींत बालमजुरांचे फोटो काढत फिरला. कोटाच्या बटणांवरून मुलांची उंची मापायचा, नाव-वय विचारून टिपून ठेवायचा. त्याच्या फोटोंतली कितीतरी मुलं थेट आपल्याकडे बघतात. तिथे बालमजुरीला आळा घालणारा केंद्रीय कायदा टिकला तो १९३८ सालचा. उलट १९९३ मध्ये फोटोग्राफर केविन कार्टरने सुदानमध्ये टिपलेलं, मागे गिधाड बसलेलं पोर सगळ्या जगाने पाहिलं. ते कोण, हे कितीतरी वर्षं कुणाला ठाऊक नव्हतं. कार्टरच्या हेतूवर मी शंका घेत नाही. पण त्या फोटोत पोराची मान खाली आहे, आणि पाहणारे फक्त आपण आहोत.

पोराचं नाव छापू नये, हे बरोबरच. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात अत्याचार झालेल्या मुलाची ओळख उघड करायला मनाई आहे, त्यात फोटोही आला. पण फोटो काढणाऱ्याने तरी नाव विचारलेलं असावं.

आता बोलावणाऱ्यांना मी आधीच सांगतो: फोटो पहिल्यांदा पोराला दाखवणार, नको म्हणालं तर तिथेच पुसणार, ठेवला तर एक प्रिंट त्याच्या घरी देणार. हे मान्य नसेल त्यांनी दुसरा फोटोग्राफर बघावा.