चौदाव्या दिवसाची रेघ

कोरमंगलातील सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालय कॅथलिक बिशपांनी १९६३ मध्ये सुरू केले. फलनाच्या क्षणापासून मानवी जीव माणसाइतकाच आदरणीय, ही त्यांच्या चर्चची भूमिका. तिच्यात भ्रूण मोडून स्टेम सेल काढायला जागा नाही. त्याच बंगळुरूत जक्कूरचे जवाहरलाल नेहरू केंद्र हे सरकारी पैशावर चालणारे अभिमत विद्यापीठ आहे. तिथे मनीषा इनामदार यांच्या प्रयोगशाळेने वंध्यत्वाच्या उपचारांत निरुपयोगी ठरलेल्या भ्रूणांपासून मानवी स्टेम सेलच्या दोन सेल लाइन तयार केल्या. श्रद्धेने चालणाऱ्या संस्थेने आपली मर्यादा श्रद्धेतून ठरवावी, तो तिचा हक्कच आहे. सार्वजनिक विद्यापीठाला मात्र ती सोय नाही. त्याची मर्यादा वेगळ्या श्रद्धेच्या नागरिकालाही कारणे देऊन समजावता आली पाहिजे.

आपल्या परंपरेत तयार उत्तर सापडेल, ही आशाही फोल आहे. चरकसंहितेत शुक्र, शोणित आणि जीव यांचा कुशीत संयोग झाला की त्याला गर्भ म्हटले आहे. काचेच्या बशीत वाढणारा, कुशीत कधीच न गेलेला भ्रूण त्या व्याख्येच्या उंबरठ्यावरच राहतो. उलट जैन विचार सूक्ष्मातल्या सूक्ष्म जीवालाही अभय देतो. गांधारीच्या मांसगोळ्याचे एकशे एक भाग झाल्याची कथा क्लोनिंगचा पुरावा म्हणून पुढे करणे तर कथेवरही अन्याय आहे. म्हणून कारणे देऊन समजावता येणारी, भ्रूण प्रयोगशाळेत चौदा दिवसांपलीकडे न वाढवण्याची मर्यादा मला पटते. त्या सुमारास भ्रूणात शरीराच्या अक्षाची पहिली रेषा उमटते. त्याआधी एका भ्रूणाची जुळी होऊ शकतात, म्हणजे ‘ही एक व्यक्ती’ असेही ठामपणे म्हणता येत नाही. ब्रिटनने १९९० मध्ये या मर्यादेचा कायदा केला. आपल्याकडे ती भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत आहे, आणि क्लोन करून मूल जन्माला घालण्यावरची बंदीही तिथेच आहे.

आज चौदा, उद्या अठ्ठावीस होतील, असा आक्षेप आहे. भीती खरी आहे: स्टेम सेल संशोधकांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०२१ मध्येच चौदा दिवसांची मर्यादा सैल केली. पण म्हणूनच ही रेघ संसदेने आखायला हवी. मार्गदर्शक तत्त्वे बदलायला संसदेतल्या चर्चेची गरज पडत नाही. कायद्याने संशोधन गुदमरेल, हा शास्त्रज्ञांचा आक्षेप ब्रिटनच्या अनुभवापुढे टिकत नाही. संशोधनासाठी मानवी भ्रूण क्लोन करण्याचा परवाना न्यूकॅसलला २००४ मध्ये मिळाला, तो कायद्याच्या चौकटीतच. त्याच काळात सोल राष्ट्रीय विद्यापीठ या सरकारी विद्यापीठात ह्वांग वू-सुक यांचे क्लोनिंगवरचे गाजलेले शोधनिबंध बनावट निघाले, आणि त्यांच्याच प्रयोगशाळेतील कनिष्ठ संशोधिकांनी स्त्रीबीजे दिल्याचे उघड झाले. भ्रूणात जीव कधी येतो यावर आपण तासन्‌तास वाद घालतो. जिच्या शरीरातून बीज काढले, ती बाई त्या वादात नसतेच. ज्या वरिष्ठाच्या शिफारशीवर तिची पुढची नोकरी अवलंबून आहे, त्याला तिने दिलेली संमती मुक्त मानायची का, हे विचारायला कोणत्याही धर्माची आज्ञा लागत नाही. कायद्यात पहिले कलम तिच्या संरक्षणाचे असावे, आणि स्टेम सेल संशोधनाला परवानगी देणाऱ्या विद्यापीठांतील समित्यांचे निर्णय कारणांसह जाहीर करण्याची सक्ती दुसरे.