लॅक्टोमीटरच्या डब्यातला कागद

कुंभकोणमला महामहम तळ्याजवळच्या एका गल्लीत एक तंजावरी मराठी कुटुंब राहतं. तंजावरचं मराठी राज्य 1855 मध्ये खालसा झालं, तरी कावेरीकाठच्या अशा घरांतून भाषा टिकून राहिली. या घरातले आजोबा दूध संकलन केंद्रात होते. आयुष्यभर त्यांनी दुधात लॅक्टोमीटर सोडला आणि आकडा वाचला. नात सॉफ्टवेअर इंजिनिअर, घरूनच काम करते.

तिने एक छोटं साधन बनवलं होतं. प्रणालीची नवी आवृत्ती सर्व्हरवर चढवली की ती नीट उभी राहिली का, हे ते, सर्व्हरवर प्रणाली चालवणाऱ्या क्युबरनेटिसला विचारून सांगायचं. कचेरीतली माणसं दोन वर्षं ते वापरत होती. आता नवी आवृत्ती चढवण्याचं काम एआय एजंटकडे जाणार होतं, म्हणून तिने त्याच्यासाठी माहितीचं पान लिहिलं. पान कसलं, दोन वाक्यंच. ‘स्टेटस विचारा. यशस्वी असं उत्तर आलं तर पुढे जा, नाहीतर मागची आवृत्ती परत लावा.’

शुक्रवारी रात्री नवी आवृत्ती चढत होती. फायली मोठ्या, उतरायला वेळ लागत होता. साधन 120 सेकंद थांबलं आणि ‘अजून निकाल नाही’ म्हणालं. एजंटने पान वाचलं. उत्तर ‘यशस्वी’ नव्हतं, म्हणून त्याने आवृत्ती मागे फिरवली. मागची आवृत्तीही सावकाशच चढली, पुन्हा निकाल नाही, पुन्हा मागे. आणि मागे फिरण्याच्या आज्ञेवर पुन्हा तीच आज्ञा दिली की जी नको म्हणून काढली तीच परत येते. पहाटेपर्यंत हा झोका चालला.

सकाळी ती चिडून बसली होती. आजोबांनी पितळी पेल्यातून कॉफी पुढे केली. गावाची ‘डिग्री कॉफी’ प्रसिद्ध आहे. लॅक्टोमीटरवर खरं उतरलेल्या दुधाची ती डिग्री, असं तिथले लोक सांगतात.

“त्या एजंटला अक्कल नाही, आजोबा. जरा थांबायचं, कुणाला तरी विचारायचं!”

आजोबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “आमच्या केंद्रात एक नवा पोरगा आला होता. भिंतीवर कागद होता. आकडा 28 च्या खाली गेला तर दूध परत. एक म्हातारी धार काढून तशीच धावत आली. दूध कोमट, वर फेस. कोमट दूध पातळ वाचतं. आकडा 26 वर. पोराने परत पाठवलं.”

“आणि?”

“त्याच दिवशी दुसऱ्या एकाचं दूध 29 वर बरोबर उतरलं. त्याने साय काढून पाणी घातलं होतं. साय काढली की दूध जड होतं, पाण्याने हलकं होतं. दोन्ही मिळून आकडा जागेवर. ते पोराने घेतलं. पोरगा प्रामाणिक होता हो. कागदात होतं तेवढंच त्याने केलं.”

“कागद कोणी लिहिला होता?”

“मी. मला सगळं हातानेच कळत होतं, मग लिहायचं सुचलंच नाही. ती म्हातारी महिनाभर आली नाही. शेवटी मीच तिच्या घरी गेलो.”

नात दिवसभर लिहीत बसली. ‘नाहीतर’ हा एक शब्द तिने फोडला, तर त्यातून तीन गोष्टी निघाल्या. चढणं फसलं. अजून चढतंय. किंवा नेटवर्क नाही, परवानगी नाही, म्हणून विचारताच आलं नाही. ही तिसरी गोष्ट पहिलीसारखी दिसते, पण तिच्यावरून नव्या आवृत्तीबद्दल काहीच कळत नाही. क्युबरनेटिस स्वतः, वेगळं सांगितलं नसेल तर, 600 सेकंद प्रगती दिसली नाही की ‘अडकलंय’ एवढंच कळवतं; आपणहून मागे फिरत नाही. तिचं साधन मात्र 120 सेकंदांतच थकायचं, आणि तो आकडा कुठेही लिहिलेला नव्हता. टीमला तो पाठ होता.

मग ती ‘यशस्वी’कडे वळली, आणि तिथे जास्त वेळ थांबली. त्याचा अर्थ एवढाच की नव्या प्रती उभ्या राहिल्या आणि तयार असल्याचं त्यांनी सांगितलं. ग्राहकाचे पैसे भरले जातात का, हे त्यात येत नाही. ते पाहायचं तर एक खरा व्यवहार करूनच पाहावा लागतो. हेही तिने लिहिलं, कारण एजंटला भिंतीपलीकडे डोकावता येत नाही. त्याच्या हाती फक्त हे पान आहे. मागे फिरणं एकदाच, दुसऱ्यांदा नाही, हेही घातलं.

संध्याकाळी आजोबांनी कपाटातून लॅक्टोमीटरचा जुना डबा काढला. आत घडी घातलेला तोच कागद होता. ‘28’ च्या खाली पेन्सिलीने तमिळमध्ये नंतर लिहिलेलं होतं: आधी हात लावून पाहा, दूध कोमट आहे का. शंका आली तर परत पाठवू नका, बाजूला ठेवा आणि मला बोलवा.

तिने शेवटचं वाक्य आपल्या पानाच्या अगदी वर घातलं, आणि ‘मला’च्या जागी स्वतःचा नंबर लिहिला.