फायबरच्या होडीबद्दल

विरार, १८ मे

चि. बाळास,

लाकडाची होडी काढून फायबरची घेतलीस, वापरलेली का असेना, बरं केलंस. सागाचे भाव आणि चांगल्या सुतारांची वानवा पाहता दुसरं काय करणार! पण ‘आता हिच्याकडे बघायला नको’ हे तुझं वाक्य विकणाऱ्याकडून आलेलं दिसतं. फायबर गंजत नाही, पण पाणी पितं.

काचेच्या धाग्यांची मॅट, तिला धरून ठेवणारं रेझिन आणि बाहेरून जेमतेम अर्धा मिलिमीटर जेलकोट, एवढीच ही होडी. जेलकोटमधून पाणी सावकाश झिरपतं, रेझिनमधले सुटे अंश विरघळवतं आणि त्या दाट द्रवाकडे बाहेरचं आणखी पाणी ओढलं जातं. मग फोड धरतो. फोडताना चष्मा लाव, चिळकांडी उडते. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर वरून रंग मारून झाकू नकोस.

आता तुला पटणार नाही असं सांगतो. समुद्रापेक्षा गोडं पाणी जास्त शिरतं, कारण खाऱ्या पाण्यात मीठ असल्याने ही ओढ कमी पडते. म्हणजे १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारीबंदीत शाकारलेल्या होडीत पावसाचं पाणी साठलं, तर ते समुद्राहून वाईट. आतल्या बाजूला बहुधा जेलकोटही नसतो. तेव्हा होडी उताराला लाव, तळाचं बूच काढ, ताडपत्री बांध. पण दोन्ही टोकांनी वारा खेळू दे.

भोकांचं मात्र मनावर घे. दिवा, जीपीएस, कडी, दिसेल तिथे ड्रिल चालवता तुम्ही पोरं! कापलेल्या धाग्यांच्या कडेकडेने पाणी आत जातं. इंजिनाच्या बैठकीखालचं लाकूड कुजतं आणि हवा न लागणाऱ्या ओलीत स्टेनलेसचा बोल्टही खाल्ला जातो. डोकं वर चकचकीतच राहतं. प्रत्येक भोकाला आणि कापलेल्या कडेला रेझिन चोळ. वाळूवर ओढून तळाची मॅट उघडी पडली असेल तर तिथेही.

हे पावसाआधी उरक. फोडांचं काम आता नको; ते उघडून, गोड्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळायला आठवडे लागतात, म्हणून दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेतच काढ. बोंबलाच्या हंगामात होडी बाहेर ठेवणं जिवावर येईल, तरीही.

रेझिन ‘आयसो’ माग. ऑर्थो स्वस्त पडतं, पण पाणी लवकर घेतं. रविवारी अर्नाळ्याला येतो, तोवर सगळी भोकं खडूने खुणावून ठेव.

तुझा,
काका