बारा वर्षांचा मुलगा आणि घरची शाळा
(शास्त्रपाठ : लूक २:४१-५२)



प्रभू येशूच्या बालपणाविषयी शुभवर्तमानात फार थोडे लिहिले आहे. मंदिरातील हा प्रसंग लूकाने जपून ठेवला आहे, आणि त्या वेळी प्रभू बारा वर्षांचा होता. आजच्या हिशेबाने तो सहावीसातवीत असता. सहावी ते आठवीची ही तीन वर्षे मोठ्या नाजूकपणाची होत. ह्याच वयात मूल अक्षरओळखीच्या पलीकडे जाऊन विचार करू लागते, आणि ह्याच वयात पुष्कळ आईबाप त्याचा हात सोडून देतात. ते म्हणतात, “आता पुस्तके आम्हांस समजत नाहीत, गुरुजी काय ते पाहतील.” ह्या वचनातून आपणांस काय बोध मिळतो, ते पाहू.

पहिली गोष्ट ही की, योसेफ आणि मरीया दरवर्षी नेमाने सणास यरुशलेमेस जात. त्या नेमातच मुलगा वाढला. अभ्यासाचेही असेच आहे. रोज एक ठराविक वेळ, एक ठराविक कोपरा आणि पुरेसा उजेड, एवढे गरिबातल्या गरीब घरातही होऊ शकते. येथे येरवड्यात एका खोलीत सहासहा माणसे राहतात. तरी ज्या घरी सायंकाळी एक तास दूरचित्रवाणी व मोबाईल बंद राहतात, त्या घरचे मूल वाचावयास बसते. मुलास “अभ्यास कर” म्हणून आपण चित्रपट पाहत बसलो, तर आपल्या शब्दास काय वजन राहील?

दुसरी गोष्ट अशी की, प्रभू मंदिरात गुरुजनांचे ऐकत होता आणि त्यांस प्रश्नही विचारीत होता. ज्या आईबापांस वाचता येत नाही, त्यांनी येथे धीर धरावा. निजण्यापूर्वी मुलास एवढेच म्हणा, “आज शाळेत काय शिकलास, ते मला समजावून सांग.” जे त्यास नीट सांगता येते ते त्यास समजले, जेथे ते अडखळते तेथे दुसऱ्या दिवशी गुरुजींस विचारावे. मग आपल्या घरातच किती पाठ आहेत पाहा! मडक्यातील पाणी गार का होते? भिजविलेल्या मटकीस मोड कसा येतो? बचत गटाच्या कर्जाचे व्याज किती झाले? आईने विचारावे, आणि मुलाने वहीत मांडून दाखवावे.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण आपणांस ठाऊक आहे. त्यांचा जन्म १८५८ साली झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे ह्यांनी लोकनिंदा सोसून आपली पत्नी लक्ष्मीबाई ह्यांस संस्कृत शिकविले, आणि त्या माउलीने सुमारे आठव्या वर्षापासून पंधराव्या वर्षापर्यंत रमाबाईंस घरीच शिकविले. पुढे रमाबाईंनी सांगितले आहे की, आईने आपल्या मनास असे वळण लाविले की इतरांच्या थोड्याशा साहाय्याने आपले शिक्षण आपणच चालविता यावे. घरच्या शिक्षणाचा हेतू हाच आहे. मुलाचा गृहपाठ आपण करून देणे म्हणजे त्याच्या पायांनी आपण चालणे होय.

तिसरी गोष्ट सावधगिरीची आहे. मुलगा सोबतीच्या लोकांत असेल, असे समजून ते आईबाप एक दिवसाची वाट चालून गेले. मरीयेसारखी आईही अशी चुकली! आपणही समजतो की, मूल शाळेत आहे आणि सर्व ठीक आहे. परंतु त्यांस चूक कळताच ती दोघे मागे फिरली, आणि तीन दिवसांनी मुलगा सापडेपर्यंत थांबली नाहीत. तुम्ही शेवटचे शाळेत केव्हा गेला होता? २००९ च्या शिक्षण हक्काच्या कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीनचतुर्थांश सभासद पालक ठेविले आहेत, आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात असे सांगितले आहे. त्या जागा रिकाम्या सोडू नका. आठवीत राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीची परीक्षा असते. सरकारी व अनुदानित शाळांतील जे गरीब मूल तीत निवडले जाते, त्यास नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मिळतात. ह्याची चौकशी मूल सातवीत असतानाच करावी.

ऊसतोडीस जाणाऱ्या बंधूंनो, तुमचा प्रश्न कठीण आहे. तरी शक्य असेल तर मुलास आजीजवळ ठेवून शाळा चालू ठेवा, आणि रोज दोन शब्द फोनवर बोला. आमच्या येथील कारागृहातून महात्मा गांधी १९३० साली दर मंगळवारी आश्रमवासीयांस पत्र लिहीत. ‘मंगल प्रभात’ हे पुस्तक त्या पत्रांचेच आहे. भिंतींआडून जर शिकविता येते, तर फडावरून मुलाची विचारपूस करता येणार नाही काय?

चौथी गोष्ट सांगताना मला माझा अपराध कबूल केला पाहिजे. काही वर्षांमागे मी माझ्या मुलास अपूर्णांकांची बेरीज शिकवीत होतो. अर्धा आणि पाव मिळून त्याने दोन षष्ठांश लिहिले. मी संतापून वही भिरकावली आणि त्यास मूर्ख म्हटले. त्यानंतर कित्येक दिवस तो माझ्यापासून वही लपवी. त्या रविवारी मला क्षमेवर उपदेश करावयाचा होता. माझी जीभ जड झाली. घरी येऊन मी मुलाची क्षमा मागितली. मग आम्ही ताटातील भाकरी घेतली. अर्धी आणि पाव जोडली. तो हसून म्हणाला, “बाबा, दोन षष्ठांश तर अर्ध्याहूनही कमी! मिळविल्यावर कमी कसे होईल?” जे रागाने शिकविता आले नाही, ते भाकरीने शिकविले. मरीयेस मुलाचे बोलणे समजले नाही. तरी तिने त्यास हिणविले नाही, सर्व गोष्टी अंतःकरणात ठेविल्या. आपले मूल आपल्याहून अधिक जाणू लागले, तर त्याची भीती धरू नका. देवाचे उपकार माना.

शेवटी, प्रभू नासरेथास परतला, आईबापांच्या आज्ञेत राहिला, आणि ज्ञानाने व शरीराने वाढत गेला. घरकामात मुलांनी हात द्यावा, हे योग्यच आहे. पण धाकट्या भावंडास सांभाळावयास मुलीस घरी ठेवून मुलास तेवढे शाळेत धाडणे, हे त्या पित्याच्या दृष्टीने कसे ठरेल, ज्याने दोघांस निर्माण केले?

उपदेशक बंधूंनो, येत्या आठवड्यात घरभेटीस जाल तेव्हा प्रार्थनेपूर्वी मुलाची वही मागा, आणि ती आईबापांच्या हाती द्या. ज्यास वाचता येत नाही त्यानेही ती उघडून पाहावी. आपला बाप आपली वही पाहतो, एवढे कळले तरी मुलाचा हात अधिक नेटाने चालेल. प्रभू आपल्या घरांस ही सद्बुद्धी देवो. आमेन.