हक्क दिला जातो की मान्य केला जातो?



दिल्लीच्या संसदेत काय चालते याच्याशी आपल्या गोरेगाव तालुक्यातल्या माणसाचा काय संबंध, असे पुष्कळजण विचारतात. निवडणूक आली की मत द्यायचे आणि पुढची पाच वर्षे विसरून जायचे, अशी आपली रीत पडली आहे. पण जरा विचार करा. एप्रिल-मे महिन्यांत पहाटे तेंदूपत्ता तोडायला निघणारी बाई, मोहफुले वेचणारे म्हातारे, चुलीसाठी मोळी आणणारी पोरे, या सर्वांनी जंगलात कुठवर जायचे आणि तिथून काय आणायचे हे कायद्याने ठरते. तो कायदा संसद करते. म्हणून आज जंगलाच्या कायद्याच्या निमित्ताने एका जुन्या प्रश्नाचा विचार करू या : माणसाला हक्क सरकार देते, की तो आधीपासून त्याचाच असतो?

इंग्रजांनी १८७८ साली वन कायदा करून जंगले राखीव केली. पुढे १९२७ साली तेव्हाच्या केंद्रीय विधिमंडळाने भारतीय वन अधिनियम संमत केला. त्या सभागृहासाठी मत देण्याचा अधिकार ज्यांच्याकडे मालमत्ता होती, जे ठराविक कर भरत, अशा थोड्यांनाच होता. रानात राहणाऱ्या गोंड, हलबा माणसाला कोणीही विचारले नाही. ज्या रानातून त्याच्या आजा-पणजाने लाकूड, चारा, कंद, मध आणला ते रान सरकारी झाले आणि तो तिथे परवानगीने वावरणारा उपरा ठरला. जे हक्काचे होते ते हळूहळू सवलतीचे झाले. हक्क आणि सवलत यांतला फरक लहान नाही. सवलत देणारा ती उद्या काढून घेऊ शकतो, म्हणून सवलतीवर जगणारा माणूस नेहमी हात जोडून उभा असतो.

आता कोणी म्हणेल, कायदा रीतसर झाला होता, मग तो पाळणे हेच कर्तव्य नाही का? तेराव्या शतकातील तत्त्वज्ञ संत थॉमस अक्वायनस यांनी कायद्याची चार लक्षणे सांगितली आहेत. कायदा विवेकाला धरून असावा. तो सर्वांच्या हितासाठी असावा. समाजाची काळजी ज्याच्याकडे सोपवली आहे त्याने तो करावा. आणि तो लोकांना जाहीर केलेला असावा. शिक्का आहे, सही आहे, राजपत्रात छापले आहे, एवढ्याने कायदा न्याय्य होत नाही. १९२७ चा कायदा या कसोटीला लावून पाहा. तो जाहीर झाला होता, हे खरे. पण ज्यांचे आयुष्य त्याने बदलले त्यांचे हित त्यात किती होते? आणि ज्यांनी तो केला त्यांच्याकडे आपली काळजी या लोकांनी कधी सोपवली होती?

स्वातंत्र्यानंतरही हा कायदा चालूच राहिला. अखेर डिसेंबर २००६ मध्ये संसदेने वनहक्क कायदा संमत केला. त्याच्या उद्देशिकेत, वननिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाला, अशी कबुली आहे. देशाच्या सर्वोच्च सभागृहाने आपल्याच कायद्याच्या पुस्तकात अन्यायाची नोंद करावी, ही साधी गोष्ट नव्हे. त्या कायद्याच्या नावाकडेही लक्ष द्या. त्यात वनहक्कांची ‘मान्यता’ असा शब्द आहे. ‘देणगी’ नाही, ‘वाटप’ नाही. जे आधीपासून आहे तेच मान्य करता येते. आपल्या प्रश्नाचे उत्तर या एका शब्दात आले आहे.

मग प्रश्न येतो, हक्क आधीपासून होताच, तर कायद्याची गरज काय? उत्तरासाठी आपल्या शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात जाऊ. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) हे गोंडांचे लहानसे गाव. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्यांची घोषणा पुष्कळांनी ऐकली असेल. या गावात अभ्यासगट चालतात आणि ग्रामसभेचे निर्णय सर्वांच्या सहमतीने होतात. नवा कायदा आल्यावर २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरचा या गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला. कायद्याने बांबू हे गौण वनउपज ठरवले होते, म्हणजे तो विकण्याचा हक्क गावाचा. पण बांबू गावाबाहेर न्यायला वाहतूक परवाना लागतो आणि तो काही मिळेना. गाव मागे हटले नाही. २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि वाहतूक परवान्याचे पुस्तकच ग्रामसभेच्या हाती दिले गेले.

यातून दोन गोष्टी दिसतात. पहिली ही, की कायद्याचा आधार नसलेला हक्क खरा असला तरी दुबळा असतो. गार्डसमोर उभे राहून ‘हे आमच्या आजाचे रान’ असे म्हणणारा माणूस खोटे बोलत नव्हता. पण त्याच्या हाती कागद नव्हता आणि समोरच्याच्या हाती होता. संसदेचे काम इथे आहे. ती हक्क जन्माला घालत नाही, पण त्याला उभे राहायला जमीन देते.

दुसरी गोष्ट ही, की डिसेंबर २००६ ते एप्रिल २०११ ही चार-साडेचार वर्षे संसदेने नव्हे, गावाने चालवली. कायदा लोकांना जाहीर व्हावा असे संत थॉमस म्हणतात. पण राजपत्रात छापला म्हणजे तो गावात पोहोचला असे होत नाही. कोणीतरी तो वाचावा लागतो, समजून घ्यावा लागतो, दुसऱ्याला समजावून सांगावा लागतो. १३ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, ज्यांचे दावे फेटाळले गेले त्यांना जंगलातून हटवण्याचा आदेश दिला होता, आणि त्याच महिन्याच्या २८ तारखेला त्याला स्थगिती दिली. या पंधरा दिवसांत किती घरांत झोप लागली नसेल! हक्क मान्य करणारा कायदा असूनही दाव्याचा कागद अपुरा राहिला तर माणूस किती उघडा पडतो, हे तेव्हा दिसले.

संसदही चुकते, हे आपण विसरू नये. आणीबाणीच्या काळात, १९७६ साली, बेचाळिसावी घटनादुरुस्ती याच संसदेत झाली. आणि आणीबाणीतही जगण्याचा हक्क स्थगित करता येणार नाही, असे ठरवणारी १९७८ ची चव्वेचाळिसावी दुरुस्तीही इथेच झाली. सभागृह तेच होते. मधल्या काळात लोकांनी मत देऊन माणसे बदलली होती. म्हणून संसदेला देव मानू नये आणि निरुपयोगीही समजू नये. शब्बाथ माणसासाठी आहे, माणूस शब्बाथसाठी नाही, ही प्रभू येशूची शिकवण कायद्यालाही लागू पडते.

प्रिय भाविकहो, गोरेगावात आज नगर पंचायत आहे, पण मिस्साला येणारी आपली बरीच कुटुंबे आजूबाजूच्या खेड्यांतली आहेत. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला ग्रामसभा भरण्याचा प्रघात आहे. त्या दिवशी घरी बसू नका. स्त्रियांनी तर आवर्जून जावे, कारण जंगलाचे काम जास्त त्याच करतात. जे आदिवासी नाहीत पण पिढ्यान्‌पिढ्या जंगलावर जगत आले आहेत, त्यांचाही या कायद्यात समावेश आहे. मात्र १३ डिसेंबर २००५ च्या आधी किमान तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. घरातले जुने कागद जपून ठेवा, म्हाताऱ्यांच्या आठवणी लिहून घ्या. ज्याला वाचता येते त्याने शेजाऱ्याला वाचून दाखवावे. भुकेल्याला अन्न देणे हे दयेचे कृत्य आहे, तसेच ज्याला आपला हक्क ठाऊक नाही त्याला तो सांगणे हेही आहे.

संसदेने मान्यता दिली. ती मान्यता आपल्या गावातल्या शेवटच्या घरापर्यंत नेण्याचे काम आपले आहे.

आपला,
धर्मगुरू