उपहास आणि न्यायासन : हेन्री फील्डिंगच्या दोन निवाड्यांचा प्रश्न

उपहास करणारा लेखक आणि न्यायदान करणारा अधिकारी हे दोघेही निवाडा करतात. ढोंग, लोभ आणि क्रौर्य यांची प्रकरणे दोघांच्याही समोर येतात व मानवी वर्तनाचे मूल्यमापन करणे दोघांनाही टाळता येत नाही. म्हणूनच एका भूमिकेत मिळविलेले नैतिक ज्ञान दुसऱ्या भूमिकेत जसेच्या तसे उपयोगी पडेल, असे सकृद्दर्शनी वाटते. हे गृहीतक कितपत टिकते, याची कसोटी पाहण्यास हेन्री फील्डिंग (१७०७-१७५४) या इंग्रज कादंबरीकाराचे उदाहरण विशेष उपयुक्त आहे. कारण या दोन्ही भूमिका त्याने केवळ कल्पिल्या नाहीत, तर प्रत्यक्ष जगल्या.

फील्डिंगचा पहिला व्यवसाय नाटककाराचा. हेमार्केटमधील छोट्या नाट्यगृहात त्याच्या 'पास्क्विन' (१७३६) आणि 'द हिस्टॉरिकल रजिस्टर' (१७३७) या राजकीय प्रहसनांनी रॉबर्ट वॉलपोलच्या राजवटीची जी टवाळी केली, ती १७३७च्या नाट्यपरवाना कायद्याचे एक कारण ठरली. या कायद्याने रंगभूमीचे दार बंद होताच त्याने त्याच वर्षी मिडल टेंपलमध्ये कायद्याचे अध्ययन सुरू केले आणि १७४०मध्ये तो वकील झाला. रिचर्डसनच्या 'पॅमेला'चे विडंबन करणारी 'शॅमेला' (१७४१), 'जोसेफ अँड्र्यूज' (१७४२) आणि 'जोनाथन वाइल्ड' (१७४३) या कृती वकिलीच्या उमेदवारीतील आहेत. १७४८मध्ये तो वेस्टमिन्स्टरचा आणि पुढील वर्षारंभी मिडलसेक्सचा दंडाधिकारी झाला. 'टॉम जोन्स' प्रसिद्ध झाली ती १७४९च्या फेब्रुवारीत, म्हणजे लेखक बो स्ट्रीटवरील न्यायासनावर बसल्यानंतर.

या जीवनक्रमाचे दोन प्रकारे वाचन होऊ शकते. पहिल्या वाचनानुसार सत्तेची थट्टा करणारा लेखक सत्तेचाच सेवक झाला आणि त्याच्या उपहासाची धार त्याबरोबर गेली. दुसऱ्या वाचनानुसार त्याच्या जीवनात खंड पडलाच नाही. अन्यायाविषयीचा जो संताप कादंबरीत शब्दरूप घेत होता, तोच पुढे कृतिरूप झाला. पहिले वाचन व्यक्तीच्या निष्ठेवर संशय घेते, दुसरे तिच्या निष्ठेवर विसंबते. मूळ प्रश्न मात्र निष्ठेचा नसून निवाड्याच्या स्वरूपाचा आहे, ही गोष्ट दोन्ही वाचनांतून निसटते.

हे स्वरूप फील्डिंगनेच 'जोसेफ अँड्र्यूज'मध्ये स्पष्ट केले होते. आपण माणसे रंगवीत नाही तर रीती रंगवितो, व्यक्ती नव्हे तर जाती दाखवितो, असा त्याचा दावा होता. त्याच्या कादंबरीतील वकील हा कोणी एक वकील नसून हजारो वर्षे जिवंत असलेला वकील आहे. या भूमिकेचे नैतिक समर्थन उघड आहे. उपहास जातीचा असल्यामुळे त्यात कोणाचा देह दंडिला जात नाही. वाचकाने आरशात पाहावे आणि एकांतात सुधारावे, एवढीच त्याची अपेक्षा असते. न्यायदानाचे स्वरूप नेमके याच्या उलट असते. तेथे जातीचा निवाडा करणे हाच अन्याय होय. समोर उभी असते ती एक व्यक्ती, तिचे एक कृत्य आणि त्या कृत्याचा पुरावा. आणि निवाड्याचा परिणाम कोणाच्या तरी मानेवर उमटणार असतो.

आता 'जोसेफ अँड्र्यूज'मधील एक प्रसंग पाहता येईल. लुटला गेलेला, विवस्त्र, जखमी जोसेफ रस्त्याकडेला पडला आहे. त्याला घोडागाडीत घ्यावे की नाही, याची चर्चा गाडीतील प्रतिष्ठित उतारू करतात. वकील त्याला घ्यावे म्हणतो ते केवळ आपल्यावर कायदेशीर बालंट येऊ नये म्हणून. स्वतःचा अंगरखा काढून देतो तो घोड्यावर बसून गाडी हाकणारा एक पोरगा. या पोराला पुढे कोंबड्यांचे खुराडे लुटल्याबद्दल हद्दपारीची शिक्षा झाली, हे निवेदक जाता जाता कंसात सांगून टाकतो. एवढ्या एका कंसात कायद्याच्या दृष्टीतील चोर आणि नीतीच्या दृष्टीतील सज्जन एकाच देहात उभे राहतात.

दरोड्यांच्या वाढत्या प्रमाणाची कारणमीमांसा करणारा फील्डिंगचा प्रबंध १७५१मध्ये प्रसिद्ध झाला. गरिबांमधील चैन, जिनचे व्यसन आणि जुगार ही गुन्ह्यांची मुळे आहेत, असे त्यात प्रतिपादन आहे. फिर्यादींची हळवी वृत्ती आणि वारंवार मिळणारी माफी यांवर त्याने तेथे कठोर टीका केली आहे. या विवेचनात तो पोरगा कोठेही नाही. तो नाही, याचे कारण दंडाधिकारी निर्दय झाला हे नव्हे. कारण असे की, जातिरूपाने पाहण्याची जी सवय उपहासात निरुपद्रवी होती, ती आता शिक्षेच्या विचारात शिरली आहे. कादंबरीत वकील ही जात होती आणि पोरगा ही व्यक्ती. प्रबंधात गरीब ही जात आहे आणि व्यक्ती कोणीच नाही.

बोसाव्हर्न पेन्लेझच्या प्रकरणात हा प्रश्न अधिक तीव्र होतो. १७४९च्या जुलैमध्ये स्ट्रँडवरील कुंटणखान्यांवर खलाशांनी हल्ला केला. त्या दंगलीबद्दल दोघांना फाशीची शिक्षा झाली; एकाला माफी मिळाली, पेन्लेझला ऑक्टोबरमध्ये फासावर चढविण्यात आले. लोकक्षोभाला उत्तर देणाऱ्या पुस्तिकेत फील्डिंगने भर दिला तो पेन्लेझजवळ सापडलेल्या कपड्यांच्या गाठोड्यावर. परंतु त्याला शिक्षा झाली होती ती दंगलीबद्दल; गाठोड्याच्या आरोपाची सुनावणी झालीच नव्हती. न तपासलेल्या पुराव्याच्या आधारे एका मृत्यूचे समर्थन करणाऱ्या या लेखकाने त्याच वर्षी, एखाद्या पात्राला एका कृत्यावरून दोषी ठरवू नका, असे 'टॉम जोन्स'च्या वाचकाला बजावले होते.

'टॉम जोन्स'मधील ऑलवर्दी हा सज्जन, दयाळू आणि प्रामाणिक दंडाधिकारी आहे. तरीही तो पार्ट्रिजला चुकीने दोषी ठरवितो आणि ब्लिफिलच्या सोयीस्कर कथनावर विसंबून टॉमला घराबाहेर काढतो. चांगुलपणा ही चुकीविरुद्धची हमी नव्हे, हे या कादंबरीचे एक प्रमुख आशयसूत्र होय. ऑलवर्दीच्या चुका वाचकाला कळतात, कारण झाकलेले सर्व जाणणारा निवेदक तेथे उपस्थित आहे. बो स्ट्रीटवर असा निवेदक नव्हता. १७५३मध्ये एलिझाबेथ कॅनिंग या तरुण मोलकरणीने आपल्याला महिनाभर डांबून ठेवल्याची फिर्याद केली, तेव्हा फील्डिंगचा तिच्या निरागसतेवर विश्वास बसला. विरुद्ध बाजूच्या एका साक्षीदार मुलीला त्याने तुरुंगाचा धाक घालून बोलते केले आणि तिची साक्ष कॅनिंगच्या कथनाशी जुळली. मेरी स्क्वायर्स या वृद्ध स्त्रीला मृत्युदंड सुनावला गेला. पुढे लॉर्ड मेयर क्रिस्प गॅस्कॉइनच्या तपासानंतर ती साक्ष मागे घेतली गेली, स्क्वायर्सला माफी मिळाली आणि १७५४मध्ये खोट्या शपथेबद्दल कॅनिंगलाच हद्दपार व्हावे लागले. ऑलवर्दीला निर्माण करणारा लेखक स्वतः ऑलवर्दी झाला होता. कादंबरीचे ज्ञान त्याच्यापाशी होते. निवेदकाचे स्थान मात्र नव्हते.

यावर एक रास्त आक्षेप घेता येईल. ज्याला रोज निर्णय द्यावाच लागतो, त्याला कादंबरीच्या मापाने मोजणे हाही एक अन्यायच नव्हे काय? वर्षाला सुमारे पाचशे पौंडांचे घाणेरडे उत्पन्न देणाऱ्या पदावर त्याने गरिबांची भांडणे मिटवून ते उत्पन्न तीनशेच्या आसपास आणले, हे त्याचे कथन अविश्वसनीय मानण्याचे कारण नाही. 'अमीलिया'च्या (१७५१) आरंभी लाचेच्या हिशेबाने न्याय करणारा थ्रॅशर जो वाचकासमोर येतो, तो या अनुभवातूनच. आक्षेपातील तथ्य मान्य केले तरी त्यातून निष्पन्न होते ते एवढेच की, निर्णय देणे अपरिहार्य आहे. आपल्या निर्णयाविषयी निःशंक असणे त्यातून निष्पन्न होत नाही. पेन्लेझ आणि कॅनिंग या दोन्ही प्रकरणांत फील्डिंगने पुस्तिका लिहिली ती आपला निर्णय निःशंक ठरविण्यासाठी. साहित्यकृतीने दिलेला संशय कृतीच्या क्षणी बाजूला ठेवावा लागतो हे खरे. पण कृतीनंतर तो पुन्हा हाती घेता येतो. फील्डिंगने तो घेतला नाही, आणि त्याच्यावरील नैतिक आक्षेप येथेच उभा राहतो.

१७५४च्या जूनअखेरीस जलोदराने जर्जर झालेला फील्डिंग लिस्बनला जाण्यास निघाला. त्याला जहाजावर उचलून नेले जात असताना नावाड्यांनी आणि खलाशांनी त्याच्या विद्रूप देहाची टर उडविली. दैन्य आणि आजार हे हास्याचे विषय होऊ शकत नाहीत, ही मर्यादा 'जोसेफ अँड्र्यूज'च्या प्रस्तावनेत त्याने स्वतःच आखली होती. मरणोत्तर, १७५५मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रवासवर्णनात त्याने हा प्रसंग नोंदविला तो मानवी क्रौर्याचा दाखला म्हणून. टर उडविणारे हे लोक त्याच्या प्रबंधातील जातीचे होते. या वेळी त्याच्यापाशी न्यायासन नव्हते, आणि निवेदकाची उंचीही नव्हती. त्याने त्यांच्यासाठी कोणती शिक्षा मागितली नाही. पाहिले तेवढे लिहून ठेवले. ८ ऑक्टोबरला लिस्बनमध्ये त्याचा मृत्यू झाला. ज्या एका कंसात त्याने त्या पोराला जागा दिली होती, त्या कंसाच्या सर्वांत जवळचे लेखन बहुधा हेच असावे.