बिनशपथेचं वाद्य

फ्रान्सच्या नैर्ऋत्येला मार्सियाक नावाचं गाव आहे. वस्ती जेमतेम हजार-बाराशे. पण दर उन्हाळ्यात तिथे जॅझचा महोत्सव भरतो आणि एका प्रचंड तंबूत हजारो माणसं बसतात. २०१५ साली त्या तंबूत क्यूबाचा पियानोवादक चुचो वाल्देस आपला ताफा घेऊन आला, तेव्हा तो त्र्याहत्तर वर्षांचा होता. १९७३ मध्ये हवानात उभ्या केलेल्या ‘इराकेरे’ या वाद्यवृंदाची चाळिशी त्याला साजरी करायची होती. ‘ट्रिब्यूट टू इराकेरे : लाइव्ह इन मार्सियाक’ हा अल्बम त्या मैफिलीचा. २०१७ मध्ये त्याला लॅटिन जॅझचं ग्रॅमी मिळालं.

या अल्बममध्ये ‘यान्सा’ नावाची एक रचना आहे. यान्सा, म्हणजेच ओया, ही पश्चिम आफ्रिकेतल्या योरुबांची वादळवाऱ्याची देवी. विजा तिच्या, स्मशानाच्या वेशीवर राखण तिची. गुलामांच्या जहाजांमधून, साखळदंडातल्या माणसांच्या मनात बसून ती क्यूबात आली. आणि चुचोच्या ताफ्यात पितळी वाद्यांच्या शेजारी बाता नावाचे ढोल आहेत, ज्यांवर तिथले लोक आपल्या देवदेवतांना, ओरिशांना, बोलावतात. ऐकताना माझ्या मनात एकच प्रश्न राहतो. ज्या तालावर देवीला हाक मारायची, तो ताल तिकीट काढून बसलेल्या लोकांपुढे वाजला, तर देवीला बोलावणं गेलं की नाही?

देव सगळीकडेच आहे, मंदिर काय आणि मंच काय, असं उत्तर आपल्याकडे चटकन मिळतं. मला ते पटत नाही. ते उत्तर देणाऱ्याला काहीच सांभाळावं लागत नाही. बातांबरोबर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या माणसांनी या प्रश्नावर फार कष्टाने विचार केला आहे.

बाता तीन असतात. डमरूसारखी कमरेत आवळलेली, दोन तोंडांची, मांडीवर आडवी धरून दोन्ही हातांनी वाजवायची. सगळ्यात मोठी ती इया, म्हणजे आई. मधली इतोतेले, धाकटी ओकोन्कोलो. धाकटी ताल धरून राहते, मधली उत्तर देते, आई बोलते. विधिपूर्वक घडवलेल्या बातांमध्ये आन्या नावाचं दैवत वसतं, असं मानतात. त्या बाता शपथ घेतलेल्या पुरुषांनीच वाजवायच्या, बायकांनी शिवायचंही नाही. दीक्षा घेतलेला माणूस त्यांच्यापुढे साष्टांग नमस्कार घालतो. आणि सूर्य मावळल्यावर त्या वाजवायच्या नाहीत, असा जुना दंडक आहे. मैफिली तर रात्रीच होतात.

क्यूबातली पहिली अशी बाता कशी घडली, याची एक परंपरागत कथा आहे. १८३० च्या सुमाराला हवानात आन्याबी आणि आतांदा नावाचे दोन योरुबा होते. आन्याबी गुलाम, पाय मोडून पडलेला. त्याच्या कानावर बातांचा आवाज आला आणि त्याचं काळीज हललं. पण पुढे कळलं की त्या बातांमध्ये आन्याची प्रतिष्ठा झालेलीच नाही. ताल तेच, हात तेच, तरी काहीतरी नव्हतं. मग दोघांनी मिळून लाकूड कोरलं आणि विधी करून नवा संच घडवला. ज्यांच्या स्वतःच्या देहावर दुसऱ्याची मालकी होती, त्यांनी हा एवढा बारीक फरक जपला. त्यापुढे ‘सगळं सारखंच’ म्हणायला मला धीर होत नाही.

शंभर वर्षांनी उलटा पेच आला. फर्नांदो ओर्तिस या अभ्यासकाला हवानातल्या सुशिक्षितांना हे संगीत ऐकवायचं होतं. १९३० च्या दशकात पाब्लो रोचे या जाणत्या वादकाने त्याला साथ दिली, पण देवघरातल्या बाता व्याख्यानाला आणल्या नाहीत. प्रतिष्ठा न केलेल्या बाता वापरल्या. अशा बातांना अबेरिकुला म्हणतात. नाकारून दार लावून घेता आलं असतं, किंवा काळाचं नाव सांगून आन्यालाच मंचावर बसवता आलं असतं. त्यांनी दुसरं वाद्य केलं.

पुढचं सगळं त्या दुसऱ्या वाद्याच्या आधाराने झालं. चुचोचे वडील बेबो वाल्देस यांनी १९५२ मध्ये नाचाच्या वाद्यवृंदात बाता आणली आणि त्या तालाला ‘बातांगा’ म्हटलं. १९६० मध्ये त्यांनी देश सोडला. मुलगा मागे राहिला. त्या मुलाने इराकेरेत बाता आणल्या, तेव्हा सरकार अधिकृतपणे नास्तिक होतं आणि जॅझ हा शत्रूच्या देशातला माल. तरी १९७८ मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये ओरिशांचे ताल वाजले.

आता मार्सियाककडे. विधीत तीन बातांना तीन माणसं लागतात. मंचावर पुष्कळदा एकच वादक तिन्ही सांभाळतो. विधीत एलेगुआ या ओरिशाला आधी वंदन केल्यावाचून दुसऱ्या कोणत्याच ओरिशाला हाक मारत नाहीत; इथे टँगो आहे, फंक आहे आणि त्यांच्यामध्ये यान्सा आहे. विधीत इया वाजवणाऱ्याची नजर नाचणाऱ्याच्या पावलांवर असते. देवी उतरण्याची चिन्हं दिसली की तो ताल रेटत नेतो, मग किती का वेळ लागेना. मंचावर त्याच वादकाचं लक्ष पियानोकडे असतं. चुचो धिप्पाड माणूस, त्याचे पंजे अवाढव्य. त्याचा डावा हात खर्जात जे बोलतो त्याला बाता उत्तर देतात. ही हाक माणसाने माणसाला मारलेली आहे. विधीची नक्कल करण्याचा आव या रचनेत कुठेच नाही, म्हणून मला ती खरी वाटते.

मी गोंधळ्यांच्या घरातली. चौक भरला, दिवटी पेटली की संबळ देवीचा; तेव्हा गप्पा बंद. माझे चुलते शहरातल्या सांस्कृतिक कार्यक्रमांतही वाजवत, पण तिथे चौक मांडत नसत. एकदा अशाच कार्यक्रमात प्रेक्षकांतल्या एका बाईंच्या अंगात वारं आलं. काकांनी हात थांबवले, खाली उतरले, तिच्या कपाळी कुंकू लावलं, पाया पडले आणि ती शांत होईपर्यंत तिथेच उभे राहिले. क्यूबातले जाणतेही सांगतात, की अबेरिकुलावरसुद्धा ओरिशा कधीकधी येतात. शपथेचं बंधन वादकाला असतं. देवीला ते कोण घालणार? काकांनी देवीला बोलावलं नव्हतं, पण आलेल्या देवीला ओळख दाखवली. मार्सियाकच्या तंबूत यापेक्षा वेगळी अपेक्षा करू नये, असं मला वाटतं.

पैशाचा आक्षेप मला पोकळ वाटतो. देवापुढे वाजवणाऱ्या बातावादकांनाही मानधन मिळतं, गोंधळ्यालाही दक्षिणा मिळते. पोट देवीनेच दिलंय. विकायची नाही ती शपथ, आणि ती मार्सियाकला कुणी नेलीच नव्हती.

या दुसऱ्या वाद्याची आणखी एक देणगी आहे. १९९३ मध्ये हवानात ‘ओबिनी बाता’ हा बायकांचा संच उभा राहिला. आन्याच्या बातांना त्या हात लावत नाहीत; अबेरिकुला मांडीवर घेतात आणि तेच ताल वाजवतात. सुरुवातीला त्यांच्यावर पुष्कळ टीका झाली, तरी त्या वाजवत राहिल्या. आमच्या घरातही बायकांनी संबळ वाजवायची रीत नव्हती, पण बोल मला सगळे पाठ आहेत, लहानपणापासून. देवघरातला संबळ जिथे आहे तिथे राहू दे, मी त्याला शिवणार नाही. पण या दसऱ्याच्या आधी एक दुसरा मढवून घेणार आहे. पुतण्याला तसं सांगितलंय. चामडं कुणाकडून आणायचं, याची चौकशी तो करतो आहे.